गाडीच्या काचेवरचा बर्फ तुम्ही कसा काढता? (पहिला हिवाळा, मिशिगन)

चिंचवडची_लेक

नमस्कार मंडळी, आम्ही ऑगस्टमधे पिंपरी-चिंचवडहून मिशिगनला नोव्हायमधे आलो. नवऱ्याची कंपनी गाड्यांच्या पार्ट्सचीच, इकडे निम्मं नोव्हाय आपल्याकडचंच वाटतं ते सोडा. तर अपार्टमेंटला गॅरेज नाही, पार्किंग उघड्यावर. नवरा सहालाच जातो, लेकीला शाळेत मी सोडते. आता रोज सकाळी गाडीची पुढची काच पांढरीफट्ट. एकदा स्नो होता तो ब्रशने गेला, पण हे जे पातळ चिकटलेलं असतं ते काही केल्या निघत नाही आणि परवा तर काच आतूनसुद्धा पांढरी झाली होती!! आतून कशी काय होते??

बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचं वेगळंच. एक म्हणते कोमट पाणी ओत, एक म्हणते व्हिनेगर मार, समोरचा दादा एटीएम कार्डाने खरवडत असतो. नवऱ्याला विचारलं तर "गाडी चालू करून ठेव पंधरा मिनिटं" एवढं एक वाक्य. गाडी चालू ठेवून मी लेकीला घेऊन वर-खाली करायचं का? वायपर रात्री उभे करून ठेवायचे की नाही? तिकडे शाळेची बेल थांबत नाही. अनुभवी लोकांनी प्लीज नीट सांगा, अगदी बाळबोध सांगितलं तरी चालेल.

खवचट_खंडू

सोप्पा उपाय आहे ताई. फ्लोरिडा.

माई_मिनेसोटा

खंडोबा गप्प बस जरा. लेकी, मी मिनियापोलिसला तीस वर्षांच्या वर काढली आहेत, मी सांगते तसं कर.

सगळ्यात आधी काचेकडे जायचंच नाही, गाडीच्या मागे जायचं आणि सायलेन्सरचा पाइप मोकळा आहे का ते बघायचं. रात्री प्लाउ (रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी) येऊन गेला असेल तर मागे बर्फाचा ढीग लागलेला असतो आणि पाइप त्यात बुजलेला असतो, तसंच इंजिन चालू केलंस तर कार्बन मोनॉक्साइड आत गाडीत येतो. त्याला वास नसतो, कळतही नाही. दर हिवाळ्यात इकडे अशी माणसं जातात. आणि लेक गाडीत बसलेली असताना आई बाहेर बर्फ काढतेय हे तर अजिबात नको, पाइप मोकळा असल्याची खात्री केल्याशिवाय. गॅरेज असतं तरी दार बंद ठेवून इंजिन चालू करायचं नाही, हे पण लक्षात ठेव, उद्या घर घ्याल.

मग इंजिन चालू, पुढचा डिफ्रॉस्ट (काचेवर गरम हवा सोडतो तो) चालू, मागच्या काचेचा चालू. ती दोन चित्रं वेगळी असतात बघ, पंख्यासारखी वरून गोल काच ती पुढची आणि सरळ चौकोन तो मागचा. आता बाहेर उतरून आधी टप. हो, आधी टप! टपावरचा बर्फ तसाच ठेवून निघालीस तर पहिल्या सिग्नलला ब्रेक मारलास की तो सगळा गरम झालेल्या काचेवर घसरून येतो आणि समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही, वायपरला तो ढकलवत नाही. टप, मग बॉनेट, मग काचा, शेवटी दिवे आणि नंबरप्लेट. हल्लीचे एलईडी दिवे तापत नाहीत जुन्यांसारखे, त्यामुळे त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही, हाताने पुसावा लागतो. तोवर काचेखालून ऊब लागलेली असते, मग स्क्रेपर चालव, वरून खाली, पापुद्रे निघतात.

स्क्रेपर दोन घे. एक गाडीत, एक घरात. गाडीचं दार गोठून बसलं की आतला स्क्रेपर आतच राहतो.

एडिसनचा_बंड्या

माईंना +१.

गरम पाणी नको म्हणजे नकोच. कोमट पण नको. आमच्या कॉम्प्लेक्समधे एकाने चहाच्या किटलीतलं ओतलं, काचेला आधीच खड्याने उडालेला बारीक टवका होता, तिथून कडकन रेघ गेली पार दुसऱ्या टोकापर्यंत. पुढची काच दोन थरांची असते मधे प्लॅस्टिकचा पडदा, त्यामुळे फुटून अंगावर येत नाही पण गेली ती गेलीच, आणि हल्ली काचेच्या मागे कॅमेरा असतो तो परत कॅलिब्रेट करायचे पैसे वेगळे. शिवाय ते पाणी खाली सांडतं तिथे पाच मिनिटात घसरगुंडी तयार, मग कंबर.

आणि टपाबद्दल, आमच्याकडे न्यू जर्सीत तर हा कायदाच आहे, २०१० पासून. टप, बॉनेट, डिकी, काचा सगळं साफ करायचा "पुरेसा प्रयत्न" करायला हवा, नाही केलं तर २५ ते ७५ डॉलर, आणि तुमच्या गाडीवरचा बर्फ उडून दुसऱ्याला लागला किंवा नुकसान झालं तर २०० ते १०००. टर्नपाइकवर (टोलचा हायवे) पुढच्या ट्रकवरून दाराएवढी बर्फाची लादी उडून येताना बघितली की कायदा का आहे ते पटतं.

ब्लोअर_नंबर_४

मी फार्मिंग्टन हिल्सला असतो, तुमच्या शेजारीच. काम गाडीच्या एसी-हीटरवरच आहे त्यामुळे हा धागा म्हणजे ऑफिसचं काम घरी आणल्यासारखं झालंय पण लिहितोच.

ही काच साफ होण्याची रीतसर परीक्षा असते. युरोपच्या नियमात अशी आहे, गाडी थंड चेंबरमधे उणे १८ सेल्सियसला ठेवायची, पूर्ण थिजली की काचेवर मोजून पाण्याचा फवारा मारायचा, त्याचा बर्फ बसू द्यायचा आणि मग आत माणूस बसवून इंजिन चालू. २० मिनिटांत ड्रायव्हरच्या समोरच्या भागाचा ८० टक्के साफ व्हायला हवा आणि ४० मिनिटांत मोठ्या भागाचा ९५ टक्के. म्हणजे नियमानेच २० मिनिटं दिलेली आहेत. तेव्हा "बटण दाबलं तरी पाच मिनिटात काही होत नाही, गाडी बिघडलीये का" असं कुणाला वाटत असेल तर गाडी चांगली आहे, हत्यार उचला.

आता काही गोष्टी ज्या लोक उलट्या करतात. हवा आतल्या आत फिरवायचं बटण असतं ना, ते बंद पाहिजे, बाहेरची हवा आत घ्यायची. बाहेरची हवा थंड असली तरी कोरडी असते, तिच्यात पाणीच नसतं फारसं, ती हीटरवरून तापली की काचेवरची ओल शोषून घेते. आतलीच फिरवत बसलात तर तुमचा श्वास, ओले बूट, मुलांचे ओले कोट, सगळ्याची वाफ परत काचेवर. डिफ्रॉस्ट लावल्यावर बऱ्याच गाड्यांत एसी आपोआप लागतो, त्याला घाबरून बंद करू नका, तो हवा कोरडी करायला लागतो, गार करायला नाही. फार थंडी असली की कॉम्प्रेसर तसाही चालत नाही.

दुसरं, काचेच्या तळाशी, वायपर जिथे झोपतात तिथली जाळी. तिथूनच ब्लोअर हवा घेतो. तिथे बर्फ भरलेला ठेवून डिफ्रॉस्ट लावलं की हवा कमी येते आणि येते ती ओली. तिथला बर्फ हाताने काढून टाका, अर्धी मिनिट लागते, आणि फरक सगळ्यात जास्त तिथेच पडतो. हे कोणी सांगत नाही.

आणि बर्फ बसलेला असताना वायपर चालू करू नका. रात्री गाडी बंद करताना वायपर बंद करून मग चावी, नाहीतर सकाळी इंजिन लागल्याबरोबर चिकटलेला वायपर ओढला जातो, रबर फाटतं, कधी फ्यूज जातो, कधी मोटर. पावसाचा ऑटो सेन्सर असेल तर तोही बंद.

घाटवाट

आम्ही पुण्यात बसून हे वाचतोय आणि आमच्याकडे आत्ता पंखा चालू आहे हाहा. पण ब्लोअरभाऊ तुमचं ते बाहेरची हवा आणि एसीचं आपल्याकडे पावसाळ्यात ताम्हिणीत, आंबोलीत अगदी हेच. चार जण भिजून गाडीत बसले की काच धुरकट, आणि लोक रुमालाने पुसत बसतात. एसी लावा, हवा काचेवर सोडा, बाहेरची घ्या, संपलं. फक्त पावसाळ्यात बाहेरची काच गार एसीने धुरकटते ती वेगळी, तिथे वायपर.

ब्लोअर_नंबर_४

बरोबर, भौतिकशास्त्र तेच, तापमान वेगळं.

चिंचवडची_लेक

माई, बंड्या, ब्लोअर, खूप खूप धन्यवाद, जाळीचं तर नवऱ्यालाही माहीत नव्हतं आणि तो स्वतःला गाडीतला समजतो. अजून एक गंमत सांगा, फोनवर तापमान शून्याच्या वर दाखवत होतं, ३८ फॅरनहाइट म्हणजे तीन साडेतीन, तरी काचेवर बर्फ होता. आणि झाडाखालच्या गाडीवर नाही, फक्त आमच्या. असं कसं?

अणूरेणू

हा प्रश्न माझ्या आवडीचा.

फोनवर दिसतं ते हवेचं तापमान, तेही जमिनीपासून दीडेक मीटर उंचीवर आणि सावलीतल्या पेटीत मोजलेलं. काचेचं तापमान वेगळं. रात्री आकाश निरभ्र असेल, वारा नसेल, तर काच आपली उष्णता सरळ वर आकाशाकडे सोडत राहते आणि वरून परत काही मिळत नाही, त्यामुळे ती भोवतालच्या हवेपेक्षा काही डिग्री गार होते. हवा +३ पण काच शून्याखाली. मग हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फाचे स्फटिक होऊन काचेवर बसते, तेच तुमचं पांढरं. ढग असले तर ते खालून आलेली उष्णता परत पाठवतात म्हणून ढगाळ रात्री हा त्रास कमी. झाडाची फांदी किंवा पत्र्याची शेड तेच काम करते. गाडीतच बघा, पुढची काच तिरकी, आकाशाकडे तोंड करून असते म्हणून ती आधी गोठते, बाजूच्या काचा उभ्या असतात, त्यांना समोर भिंत नाहीतर शेजारची गाडी दिसते, त्या बऱ्याचदा कोरड्या.

म्हणून पार्किंग निवडायला मिळत असेल तर भिंतीला, झाडाला लगटून लावा. आणि गाडीचं तोंड पूर्वेला करता आलं तर सकाळचं ऊन थेट काचेवर येतं. डिसेंबरात नोव्हायला शाळेच्या वेळेआधी सूर्य धड वर आलेला नसतो तेव्हा त्याचा उपयोग शनिवार-रविवारी.

वेण्णाकाठ

अणूरेणू साहेब तुम्ही हे लिहिलंत म्हणून लॉगिन केलं. आमची स्ट्रॉबेरी महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या अंगाला आहे. डिसेंबर-जानेवारीत कधीतरी पेपरात येतं ना "महाबळेश्वरात हिमकण, दवबिंदू गोठले" म्हणून, ते इथलंच. गावात पारा चार-पाच-सहा असतो आणि इकडे तळ्याकाठी नि लिंगमळ्याच्या बाजूला गाड्यांच्या टपावर, बोटीच्या जेटीवर, पिकाच्या पानांवर पांढरा थर. पर्यटक लोक टपावरचा बर्फ गोळा करून फोटो काढतात आणि वरती गावातले म्हणतात काय थापा मारता. सखल जागा आहे, रात्री गार हवा उताराने खाली येऊन साचते, आणि बाकी तुम्ही सांगितलं तेच, आभाळ स्वच्छ हवं आणि वारा पडलेला हवा. वारं असलं तर नाही होत.

आमच्याकडे काच साफ करायचा प्रश्न नाही, आठ-साडेआठला ऊन आलं की सगळं पाणी. आमची काळजी पानांची. पण पुण्या-मुंबईची गाडीवाली मंडळी पहाटे निघायचं म्हणून बाटलीतलं पाणी ओततात काचेवर आणि वायपर मारतात, ते वर अजून गोठतं, मग गाडीत बसून राहतात.

एडिसनचा_बंड्या

भारी माहिती! वेण्णा लेकला भुट्टा खाण्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

स्लाऊची_सून

इंग्लंडमधून हजेरी. आमच्याकडे तुमच्यासारखा ढिगाने बर्फ नाही पडत पण हे काचेवरचं चिकट प्रकरण नोव्हेंबर ते मार्च चालूच. किटली घेऊन बाहेर येणारे शेजारी इथेही आहेतच, दर वर्षी बातम्यांमधे सांगतात नका करू, दर वर्षी करतात.

इथे हायवे कोडमधे स्पष्ट आहे, निघण्याआधी सगळ्या काचांवरचा बर्फ काढलाच पाहिजे, फक्त आपल्यापुरती खिडकी करून चालत नाही. आणि अजून एक, गाडी चालू करून घरात चहा घ्यायला जाऊ नका हो. चावी आत, इंजिन चालू, रस्त्यावर कुणी नाही, चोर लोक थंडीच्या सकाळी हेच शोधत फिरतात आणि चावी गाडीतच ठेवली होती म्हटल्यावर इन्शुरन्सवाले बऱ्याचदा हात वर करतात.

आमची जुनी फोर्ड आहे तिच्या पुढच्या काचेत केसाएवढ्या बारीक तारा आहेत, बटण दाबलं की दोन-तीन मिनिटात काच साफ. फोर्डने हे १९८० च्या दशकातच आणलं होतं म्हणे. रात्री समोरून दिवे आले की त्या तारा थोड्या दिसतात, काही लोकांना त्रास होतो, मला नाही. सासूबाई म्हणतात गाडी विकायची तर आधी मला विचार, आणि मी विकणारच नाहीये.

ब्रेझेल_भाऊ

श्टुटगार्ट. इथे तर अजून कडक. गाडी उभी ठेवून गरम करत बसणं मुळातच बेकायदा, विनाकारण धूर आणि आवाज म्हणून, आणि २०२१ च्या शेवटी तो दंड १० वरून एकदम ८० युरो केला. आणि समोर पोस्टाच्या पेटीएवढं भोक पाडून त्यातून बघत गाडी चालवली तर तो वेगळा दंड, दहा युरो, पण त्यात अपघात झाला तर मग इन्शुरन्सशी भांडत बसा. त्यामुळे इथे क्रम उलटा. आधी संपूर्ण खरवडायचं, थंड इंजिनवर, आणि झालं की चालू करून लगेच निघायचं. सकाळी सात वाजता आमच्या गल्लीत सगळीकडून खर्र खर्र आवाज, रविवार सोडून.

आम्ही रात्री काचेवर चादर टाकतो, बाजारात तयार मिळते, दोन कडा दारात अडकवायच्या, सकाळी ओढून काढली की काच कोरडी. जुना पुठ्ठाही चालतो. मात्र ओला टॉवेल किंवा पाऊस पडून गेल्यावर भिजलेला पुठ्ठा नको, तोच चिकटून बसतो आणि मग काच एकीकडे आणि पुठ्ठा खरवडणं दुसरीकडे.

माई_मिनेसोटा

गाडी थंडच चालू करून निघायचं हे जर्मनीत ठीक आहे भाऊ, इकडे उणे पंचवीसला तसं केलं तर पहिल्या कोपऱ्यावर तुझ्याच श्वासाने काच आतून गोठते. आमच्याकडे गाडी थोडी तापवावीच लागते.

ब्लोअर_नंबर_४

माई, तुमचंही खरं आणि त्यांचंही. नुसत्या उभ्या गाडीत इंजिन फार हळू तापतं, डिझेल तर फारच, चालवल्यावर पटकन तापतं. म्हणून चालू करून घरात जाऊन बसण्यात पेट्रोल जातं, काच तेवढी साफ होत नाही. चालू करून त्याच वेळात बाहेर खरवडायचं, हा मधला मार्ग. इंजिनाला आजकाल पंधरा मिनिटांच्या तापवण्याची गरज नसते, गरज आपल्याला असते.

आणि मिशिगनवाल्यांसाठी, २०१७ मधे डेट्रॉइटजवळ रोझव्हिलला एकाने स्वतःच्या ड्राइव्हवेमधे गाडी चालू करून गरम होत ठेवली होती, आत कुणी नाही, त्याला १२८ डॉलरचं तिकीट मिळालं. इतका गाजावाजा झाला की त्याच वर्षी राज्याने कायदा बदलला, खासगी जागेत आता चालतं. रस्त्यावर उभी असेल तर मात्र आत कुणीतरी बसलेलं हवं. ताईंच्या कोड्याला उत्तर, रिमोट स्टार्ट असेल तर वापरा, दारं लॉक राहतात आणि चावी तुमच्याच खिशात. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जरला लावलेली असतानाच ॲपवरून काच तापवायला टाकायची, म्हणजे बॅटरी खर्च होत नाही, भिंतीतली वीज जाते.

उणे_चाळीस

एडमंटन, कॅनडा. तुमचं सगळं वाचून छान वाटलं, तुमच्याकडे उबदार आहे.

आमच्याकडे गाडीच्या पुढून वायर लोंबत असते, प्लग. रात्री ब्लॉक हीटर (इंजिन ऊबदार ठेवणारा) लावायचा, नाहीतर उणे तीसच्या खाली सकाळी इंजिन नुसतं कण्हतं. एवढ्या थंडीत बर्फ कोरडा भुकटीसारखा असतो, तो ब्रशने जातो, खरा त्रास शून्याच्या आसपासच जास्त, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोठणारा पाऊस, पडताना पाणी आणि काचेला लागला की काच. त्याला स्क्रेपर नुसता घसरतो. त्यावेळी डिफ्रॉस्ट लावून खालून सुटायची वाट बघायची, मग स्क्रेपरच्या मागच्या बाजूला दातरं असतात त्याने आधी ओरखडे मारायचे आणि मग पातं. दातरं काचेवरच्या बर्फासाठी, नुसत्या काचेवर नाही चालवायचं, आणि गाडीच्या रंगावर तर मुळीच नाही. पातं प्लॅस्टिकचं किंवा पितळेचं. लोखंडी खुरपं, सुरी, कालथा, सगळं बाद. एटीएम कार्डवाल्या दादाला सांगा एक दिवस थंडीत ते कार्ड कडकन मोडणार आणि बँक बंद असणार.

चिंचवडच्या ताई, आतून गोठायचं कारण गाडीत ओल आहे. बुटांना चिकटून बर्फ आत येतो, मॅटवर वितळतो, रात्री त्याचीच वाफ काचेवर बसते. उंच काठाच्या रबरी मॅट घ्या आणि त्यातलं पाणी रोज ओतून टाका. घरी आल्यावर गाडी बंद करून सगळी दारं मिनिट दोन मिनिट उघडी ठेवा, आतली गरम दमट हवा निघून जाते, थंडी वाजते पण करा. आतला थर खरवडायचा तर हलक्या हाताने, आणि मागच्या काचेवर आतून स्क्रेपर कधीच नाही, त्या तांबूस रेघा म्हणजे हीटरच्या तारा आहेत, एक तुटली की ती पट्टी कायमची गेली.

चिंचवडची_लेक

मॅट!! आमच्या कार्पेटच्या आहेत, भिजून पचपचीत झाल्यात. आज संध्याकाळीच रबरी आणते.

आता स्प्रेचं सांगा कुणीतरी, आणि व्हिनेगरचं, आणि वायपर उभे करायचं राहिलंच.

एडिसनचा_बंड्या

व्हिनेगर सोडा हो, ९५ टक्के पाणीच असतं ते, चांगल्या थंडीत तेच गोठेल आणि गाडीला लोणच्याचा वास.

घरी करायचं तर फार्मसीतलं रबिंग अल्कोहोल, ७० टक्केवालं, दोन भाग आणि पाणी एक भाग, दोन थेंब भांड्याचा साबण, स्प्रेच्या बाटलीत. मारा, मिनिटभर थांबा, बर्फ मऊ होतो, मग खरवडा. जास्त पाणी घालून पुरवू नका. पेट घेणारं आहे तेव्हा सिगरेटवाल्यांपासून लांब. मिठाचं पाणी कुणी सुचवलं तर नका ऐकू, बर्फ वितळेल पण गाडीला गंज, रस्त्यावरचं मीठ कमी आहे का.

ब्रेझेल_भाऊ

तयार डीआइसर घेताना मागे काय लिहिलंय ते वाचा. काहींमधे इथिलीन ग्लायकॉल असतं, ते गोडसर लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी आहे, गाडीखाली थारोळं करून ठेवू नका. काचेवर उडवायच्या पाण्यात अमेरिकेत मिथेनॉल असतं, निळं, तेही विषारीच, लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. युरोपात २०१९ पासून घरगुती वापराच्या वॉशर पाण्यात मिथेनॉल जवळपास बंदच केलंय, ०.६ टक्क्यांच्या वर नाही, इथलं इथेनॉलचं असतं.

ब्लोअर_नंबर_४

वॉशरच्या पाण्याचं बरं काढलंत. आपल्याकडची सवय म्हणून लोक टाकीत नळाचं पाणी भरतात. पहिल्या कडक थंडीत टाकी नाहीतर पंप फुटतो. हिवाळ्याचं पाणी घ्या, बाटलीवर उणे २० फॅरनहाइट किंवा त्याखालचं लिहिलेलं बघून. टेक्सासहून गाडी चालवत वर आलेल्यांनी टाकीतलं उन्हाळी पाणी आधी संपवा. आणि हायवेवर थंड काचेवर फवारा मारू नका, वाऱ्याने त्यातलं अल्कोहोल आधी उडून जातं, मागे राहिलेलं पाणी क्षणात गोठतं आणि सत्तर मैलाच्या स्पीडला समोर पांढरा पडदा. आधी काच आतून गरम होऊ द्यायची.

वायपर उभे ठेवावेत का यावर माझ्याच टीममधे दोन पार्ट्या आहेत. गोठणारा पाऊस येणार असेल तर ठेवावेत, काचेला चिकटत नाहीत. पण वारा जोरात असेल तर दांडा आपटून काच फुटू शकते, आणि रोज रोज उभे ठेवले की स्प्रिंग ढिली होते असं एका पार्टीचं म्हणणं. बऱ्याच नव्या गाड्यांत वायपर बॉनेटच्या खाली लपलेले असतात, ते तसेच ओढले तर बॉनेटचा रंग जातो, आधी मेन्यूतून सर्व्हिस मोड लावावा लागतो.

माई_मिनेसोटा

मी ठेवते उभे. वारा असला की नाही ठेवत. एवढं काय त्यात पार्ट्या करायचं.

अणूरेणू

अवांतर, पण वायपरचा शोधच ह्या प्रकरणातून लागलाय. अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या, तिथे ट्रामचा ड्रायव्हर काचेवर गारठ्याचा चिखल बसतो म्हणून समोरची खिडकी उघडून, तोंडावर वारा घेत गाडी हाकत होता. त्यांनी आतून दांडी फिरवून चालवायचा रबराचा पुसणा काढला, १९०३ मधे पेटंट मिळालं. त्यातून पैसे मात्र काही मिळाले नाहीत बाईंना, पेटंटची मुदत संपल्यावर सगळ्या गाड्यांना वायपर आले.

खवचट_खंडू

म्हणजे कल्पना बाईची, आणि वायपरचे फायदे-तोटे समजावणारा ब्लोअरभाऊ.

चिंचवडची_लेक

हाहा खंडू. बरं शेवटचा प्रश्न, आज सकाळी मागचं दार उघडेचना, लेकीच्या बाजूचं. पुढून चढून आत गेली. ओढलं तर हँडल तुटेल अशी भीती वाटली.

उणे_चाळीस

ओढायचं नाही, ढकलायचं. दारावर सगळं वजन टाकून दोन-तीनदा आत दाबा, रबराला धरलेला बर्फ मोडतो, मग हलकेच उघडा. आणि रबराच्या पट्ट्या एकदा कोरड्या करून त्यांना सिलिकॉन स्प्रे किंवा ग्लिसरीन चोळा, महिन्यातून एकदा पुरतं. घरात असतो तो निळा-पिवळा गंजाचा स्प्रे रबरावर नको, त्यात पेट्रोलियम असतं, रबर खराब होतं. किल्लीचं भोक गोठलं तर हँड सॅनिटायझर किल्लीला लावून घाला, अल्कोहोलच ते. आणि लॉक उघडायचा तो छोटा स्प्रे मिळतो ना, तो पर्समधे ठेवा, लोक तो गाडीच्या डॅशबोर्डात ठेवतात.

चिंचवडची_लेक

आमचा तिथेच आहे. आणते वर.

स्लाऊची_सून

आरशांवर रात्री झिपलॉकच्या पिशव्या चढवा, रबर बँड लावून. शेजारी हसतात, हसू देत.